सर्पदंशाच्या रजिस्टरात हातापायांसाठी एक रकाना हवा

मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील अधिकारी,
महाराष्ट्र शासन यांस,

सा. न. वि. वि.

मी निवृत्त परिचारिका आहे. 31 वर्षं नोकरी केली, बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत, आणि त्यातली शेवटची 12 वर्षं ड्रेसिंग रूममध्ये. आधी घाटाखालचा भाताचा मुलूख, मग देशावरचा उसाचा पट्टा. पाऊस लागला की दोन्हीकडे सर्पदंशाचे रुग्ण सुरू व्हायचे आणि उसाच्या पट्ट्यात ते थंडीतही थांबायचे नाहीत.

गावाकडे अजून कितीतरी घरांत "साप चावला" असं तोंडाने म्हणत नाहीत. "पान लागलं" म्हणतात. पान लागलेला माणूस आमच्याकडे आला आणि वाचला, की रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात आम्ही लिहायचो, 'सुधारणा, घरी सोडले'. दगावला तर 'मृत'. मोठ्या दवाखान्यात पाठवला तर 'संदर्भित', म्हणजे त्याचं पुढचं कुणाच्या तरी दुसऱ्या रजिस्टरात. हे तीन शब्द मी हजारदा लिहिले असतील. ज्या पायाला किंवा हाताला साप चावला त्याचं काय झालं, हे लिहायला त्या पानावर जागा नव्हती. हे पत्र त्या जागेसाठी आहे.

एक बाई सांगते. तिचं नाव सांगणार नाही. थंडीचे दिवस होते, दिवस मावळायला टेकला होता. उसाच्या बांधावर वैरण कापताना डाव्या पायाला, घोट्याच्या थोडं वर, घोणस चावली. दोघांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून आणली. आली तेव्हा पाऊल इतकं सुजलं होतं की जोडवी बोटात रुतून दिसेनाशी झाली होती. आमच्याकडे कापायला काही नव्हतं. वॉर्डबॉयने समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून पक्कड आणली आणि मी ती जोडवी एकेक करून तोडली. ती बाई वेदनेने कण्हत होती, पण मी पक्कड लावली तेव्हा तिने पहिल्यांदा हुंदका दिला. सौभाग्याचं लेणं तुटतंय म्हणून.

डॉक्टरांनी कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि टेबलावर उभं करून ठेवलं. 20 मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग तिरकी करायची. गोठलं असेल तर रक्त जागचं हलत नाही. तिचं पाण्यासारखं वाहिलं. लगेच प्रतिविषाच्या 10 बाटल्या सलाईनमधून सुरू झाल्या. मी बॉलपेनने सुजेच्या कडेवर रेघ मारून बाजूला वेळ लिहिली. तासाने पुन्हा रेघ, पुन्हा वेळ. सकाळपर्यंत पोटरीवर, गुडघ्यावर, मांडीवर अशा रेघांची शिडी झाली होती. सहा तासांनी पुन्हा रक्त पाहिलं, पुन्हा बाटल्या दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी नळीतलं रक्त गोठलं. लघवी व्यवस्थित होत होती, मूत्रपिंडं वाचली होती. सहाव्या दिवशी घरी सोडली. तिच्या नवऱ्याने सगळ्या स्टाफला पेढे वाटले. आम्ही खाल्ले, आणि खाण्यासारखंच काम झालं होतं. त्या रात्रीच्या डॉक्टरांबद्दल मला आजही आदर आहे.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती. दंशाच्या जागेभोवतीचे फोड काळे पडले. तळहाताएवढी कातडी गळून गेली आणि खाली पिवळं मांस दिसायला लागलं. पाच-सहा आठवडे ती एक दिवसाआड एसटीने ड्रेसिंगला यायची. घरी पाय उशीवर ठेवून पडून राहायची, पाऊल खाली झुकलेलं. पाऊल नडगीशी काटकोनात राहील असा आधार बांधायचा, सूज उतरायला लागली की घोटा रोज हलवायचा, हे तिला कुणी सांगितलं नाही. मीही नाही, कारण तेव्हा मलाच ते नीट माहीत नव्हतं. तालुक्यात फिजिओथेरपिस्ट नव्हता. जखम भरली तेव्हा घोटा तसाच, खाली झुकलेला, आखडून बसला होता. आज ती चवड्यावर चालते. उकिडवं बसता येत नाही, म्हणजे खुरपणी गेली, भांगलण गेली, घरातली चूलही अवघड झाली. खुरपायला बायका गोळा करणारी तिला बोलवेनाशी झाली. आमच्या रजिस्टरात ती 'सुधारणा, घरी सोडले' आहे.

आता विष हातापायाशी असं का वागतं, ते थोडं सांगते. आपल्याला माहीत असेलच, पण हे पत्र इतरही वाचतील.

आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं आणि दंशाजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती खातं. रक्त आणि पाणी बाहेर झिरपतं, पाय सुजतो, फोड येतात, स्नायू मरतात. नागाच्या विषाने श्वास बंद पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्यातले काही घटक पेशींना थेट मारतात. नागाचा रुग्ण श्वासातून वाचला, तरी दोन-तीन दिवसांनी दंशाची जागा काळी पडते आणि कुजायला लागते. त्या जखमेचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. आणि मण्यार? मण्यारीच्या दंशाने जागेवर जवळजवळ काहीच होत नाही. रात्री झोपेत चावते, डासासारखं टोचतं, कधी खूणही सापडत नाही. म्हणून मण्यारीच्या रुग्णाचा पाय काळा पडलेला दिसला, तर मी आधी दोरी कुठे बांधली होती ते शोधायचे.

प्रतिविष म्हणजे घोड्याच्या रक्तातून तयार केलेले प्रतिद्रव्य. आम्ही त्यालाच लस म्हणतो. आपल्याकडची लस वरच्या चारही सापांवर चालते. रक्तात फिरणाऱ्या विषावर ती उत्तम काम करते. पण जे विष दंशाच्या जागी मांसात चिकटून बसलं, त्याच्यापर्यंत ती उशिरा आणि थोडीच पोचते, आणि मेलेलं मांस ती जिवंत करू शकत नाही. म्हणून पायासाठी पहिले एक-दोन तास सोन्याचे. चार तासांनी दिलेल्या 10 बाटल्या जीव वाचवतील, पाय वाचवतीलच असं नाही. सह्याद्रीच्या झाडीतला हिरवा चापडा चावला तर त्या विषावर आपल्याकडे लसच नाही. त्याने सहसा जीव जात नाही, पण हात ठणकतो आणि भरपूर सुजतो, आणि तिथे सगळा भरवसा चांगल्या शुश्रूषेवर.

विषाने होतं ते झालं. पण माझ्या टेबलावर आलेल्या पायांपैकी बऱ्याच पायांचं नुकसान विषाने केलेलं नव्हतं. ते आपण केलेलं होतं, घरातल्यांनी किंवा आम्ही दवाखान्यातल्यांनी.

आवणीच्या दिवसांत एका शाळकरी मुलाला आणलं. आदल्या संध्याकाळी वहाळात पायाला काहीतरी डसलं होतं. वडिलांनी घोट्याच्या वर आणि गुडघ्याखाली अशा दोन ठिकाणी नायलॉनची सुतळी करकचून बांधली, रात्री मारुतीच्या देवळात बसवलं, कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागतो का ते बघायला. सकाळी आमच्याकडे आले तेव्हा पोरगा पूर्ण शुद्धीत होता. रक्त गोठत होतं, पापण्या उघड्या होत्या. पाय मात्र सुतळीच्या खाली थंडगार आणि निळाकाळा. मी बोटं चिमटली, त्याला कळलं नाही. मारलेला साप त्यांनी सिमेंटच्या पोत्यात आणला होता. दिवड होती. दिवड बिनविषारी असते. त्या मुलाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि त्याला चावलेल्या सापात विषाचा थेंबही नव्हता. वडील पोतं घेऊन दारात उभे होते. त्यांना काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

आवळपट्टी बांधू नये, हे आपली पोस्टर सांगतात. पण ती पोस्टर दवाखान्याच्या आतल्या भिंतीवर असतात. सुतळी बांधली जाते ती बांधावर, त्या पाच मिनिटांत. तिथे आशाताई पोचतात, शाळेचे गुरुजी पोचतात, साखर कारखान्याच्या गट ऑफिसचा माणूस पोचतो. त्यांच्याकडून वाक्य जायला हवं, आणि ते धमकीच्या सुरात नको. "बांधू नका" एवढं म्हटलं तर माणसाचे हात रिकामे राहतात, आणि घाबरलेले रिकामे हात दोरी शोधतात. त्यांना काम द्या. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, काळा दोरा, घट्ट बूट, सगळं आधी काढा. हाडं मोडल्यावर जसा फळीचा आधार देतो तसा चावलेल्या हाताला किंवा पायाला द्या. चालवू नका, उचलून न्या. 108 ला फोन करा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने लस असलेल्या दवाखान्यात न्या. चिरा देऊ नका, चोखू नका, बर्फ लावू नका. एवढं पाठ होण्यासारखं आहे.

आणि दोरी बांधून आलेला रुग्ण दिसला की आमच्यातलंच कुणीतरी घाईने कात्री घेतं. तेही शिकवायला हवं. सलाईनची सुई लागलेली, लस तयार, डॉक्टर शेजारी उभे, आणि मगच दोरी सोडायची. दोरीखाली नाडी लागत नसेल तर वर बीपीचा पट्टा फुगवून तो सावकाश उतरवायचा. नाहीतर अडवून धरलेलं विष एकदम अंगात सुटतं आणि धडधाकट दिसणारा माणूस दोन मिनिटांत कोसळतो. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता घरची गोष्ट. माझा थोरला भाऊ कोकणात, आमच्या मूळ गावी शेती करतो. पावसाळ्याच्या आधी ढासळलेला गडगा रचताना चिऱ्याखालच्या फुरशाने उजव्या हाताला दंश केला. गावाजवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. हात कोपरापर्यंत सुजून टणक झाला होता, बोटं ताणली की तो ओरडायचा. तिथल्या डॉक्टरांना वाटलं, आत दाब वाढलाय, हात जाईल. त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत हात उघडला. हेतू चांगलाच होता, हात वाचवायचाच होता. पण त्याआधी रक्त गोठतंय का ते पाहिलं नाही, दाब मोजला नाही, लसही पुरेशी गेली नव्हती. रात्रभर जखम वाहत राहिली. रक्ताच्या पिशव्या आणायला पुतण्या तिथून शहरात धावला. पहाटे मी पोचले तेव्हा पांढराफटक पडलेला भाऊ मला म्हणाला, "बाय, हात हाय का गो माजो?"

हात होता. मांडीची कातडी काढून लावली, जखम भरायला तीन महिने लागले. आज त्याची बोटं मुठीत मिटत नाहीत. कोयता धरता येत नाही, गाईची धार काढता येत नाही. डाव्या हाताने जेवायला तो शिकला, पण पंगतीला बसत नाही.

हातापायातले स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. कप्प्यात दाब फार वाढला तर रक्त पोचत नाही, हे खरं, आणि तेव्हा कप्पा उघडण्याचं ऑपरेशन करावं लागतं. पण सर्पदंशात बहुतेक सूज कातडीखाली असते, कप्प्याच्या आत नसते. लक्षणं मात्र हुबेहूब तीच दिसतात. हात टणक होतो, ताणला की कळ येते, बोटं बधिर पडतात. डोळ्यांनी फरक कळत नाही, दाब मोजावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: मोजलेला दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, आणि त्याआधी लस देऊन रक्त गोठायला लागलेलं असेल, तरच चाकू लावायचा. बऱ्याच वेळा लस पुरेशी गेली की दाब आपोआप उतरतो. मग जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात हा दाब मोजायचं साधन का नको, आणि ते वापरायचं शिक्षण का नको? तोपर्यंत निदान एवढं तरी लेखी आदेशाने करा: 20 मिनिटांच्या नळीचा निकाल केसपेपरवर लिहिल्याशिवाय सर्पदंशाच्या सुजेवर चीर द्यायची नाही. काचेची कोरडी नळी आणि भिंतीवरचं घड्याळ. यासाठी निविदा काढावी लागत नाही. नळी मात्र खरंच काचेची हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही नको, कारण त्यात चांगलं रक्तही गोठत नाही आणि निकाल फसवा येतो.

दुसऱ्या टोकाची चूकही मी पाहिली आहे. काळं पडलेलं मांस तसंच ठेवून वरून प्रतिजैविकांचा मारा. नागाच्या दंशानंतर मेलेला भाग कुठपर्यंत आहे याची सीमा स्पष्ट झाली की तो वेळेत काढावा लागतो आणि उघड्या जागेवर लवकर कातडी लावावी लागते. ग्रामीण रुग्णालयात सर्जन नसतो. वर पाठवलं तर रुग्ण जात नाही, कारण घरी जनावरं असतात, सुगी असते, आणि एकदा वाचलेल्या माणसाला पुन्हा दवाखान्यात का जायचं ते कुणालाच पटत नाही. मग ती जखम महिनोन्महिने उघडी राहते. वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेच्या कडेला पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे नर्सिंगच्या पुस्तकात वाचलं होतं. त्या भीतीने मी जुन्या जखमांच्या कडा दर वेळी बोटाने चाचपायचे.

साहेब, आपल्या राज्याला हा विषय नवा नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू आणि सापाच्या विषावर आयुष्य घातलं, नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवत आले आहेत. परळची हाफकिन संस्था आपलीच. पालघर जिल्ह्यात डहाणूला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संशोधकांनी आदिवासी पाड्यांत जाऊन सर्पदंशावर काम केलं. माणूस दगावू नये यासाठी या राज्याने खूप केलं आहे, आणि माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या मानाने आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही लस मिळते. जीव वाचायला लागले, म्हणूनच आता हातपाय मागायची वेळ आली आहे.

देशाचा हिशेब बघा. 2000 ते 2019 या 20 वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58,000, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात दरवर्षी सर्पदंशाने 81,000 ते 1,38,000 मृत्यू होतात आणि त्याच्या सुमारे तिप्पट लोकांचा अवयव कापावा लागतो किंवा त्यांना कायमचं अपंगत्व येतं. तिप्पट. 2017 मध्ये संघटनेने सर्पदंशाच्या विषबाधेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं आणि 2019 मध्ये ध्येय ठरवलं, 2030 पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही निम्म्यावर आणायचं. मार्च 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना कळवलं की सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद बंधनकारक करा. चांगलं झालं. पण पुन्हा रुग्ण आणि मृत्यू. जे अपंगत्व 2030 पर्यंत निम्मं करायचं, ते आज किती आहे हे आमच्या रजिस्टरातून काढायचं म्हटलं तर कुठल्या रकान्यातून काढणार?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. सर्पदंशाच्या नोंदीच्या फॉर्मवर 'दंश झालेल्या अवयवाची स्थिती' असा एक रकाना घाला. तो दोनदा भरायचा. एकदा सुटी देताना, आणि एकदा सहा आठवड्यांनी. सूज, जखम, सांधा हलतो का, बोटं मिटतात का, पाऊल टेकतं का, काही कापावं लागलं का. टिकमार्क करण्यासारखं. दुसऱ्या वेळी रुग्ण आला नाही तर आशाताईने घरी जाऊन बघायचं. त्यांच्या डोक्यावर आधीच कामांचा डोंगर आहे याची मला पुरती जाणीव आहे, म्हणून या भेटीचा मोबदला वेगळा ठरवा, फुकटात मागू नका.

फक्त मोजून काय होणार, असं कुणी म्हणेल. ज्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला कळेल की सहा आठवड्यांनी पायाबद्दल विचारलं जाणार आहे, त्या दिवशी सुटी देताना तो पायाकडे बघेल. घोट्याला आधाराची पट्टी देईल. फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी लिहील, आणि तालुक्याला फिजिओथेरपिस्ट नाही हे दर महिन्याच्या अहवालात आपल्या टेबलावर येईल. आज ते येत नाही, कारण आज ती बाई आमच्या कागदावर बरी आहे.

मदतीच्या योजनांबद्दलही बोलायचं आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश येतो, आणि त्यासाठी शासनाचे आभार. मृत्यूला दोन लाख, एक अवयव निकामी झाला तर एक लाख. पण ही योजना सातबाऱ्याच्या घरातल्या माणसांसाठी. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या बाईला सातबारा नाही, आणि सापाच्या तोंडी आधी तिचाच पाय असतो. शिवाय आखडलेला घोटा, न मिटणारी बोटं हे 'अवयव निकामी' मध्ये बसवताना कागद अडतात. पाय जागेवर दिसतो ना, मग निकामी कसा? दिव्यांग प्रमाणपत्राच्या सवलतींना 40 टक्क्यांची अट. माझ्या भावाची तपासणी झाली, टक्के कमी भरले. ज्या हाताने घर चालायचं तो हात टक्क्यात मोजताना शेतकऱ्याचा हात आणि कारकुनाचा हात एकच धरला जातो, हे मला पटत नाही. हा विषय आपल्या एकट्या विभागाचा नाही, कृषी आणि दिव्यांग कल्याण विभागाशी आपण बोलू शकता.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्णाचा उपचार होतो, पण दुसऱ्या टप्प्याचा खर्च कोण मोजतो? एक दिवसाआड एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, घरी विकत आणायचं कापूस-गॉज. त्या बाईच्या घरच्यांनी पाचव्या आठवड्यात शेळी विकली. ड्रेसिंग फुकट होतं.

ज्यांचा पाय गेलाच, त्यांच्यासाठी राज्यात सोयी आहेत. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे, पुण्यात 1944 पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, जयपूर फूटची शिबिरं भरतात. पण त्या दिवडीच्या मुलाच्या वडिलांना हे कुणी सांगितलं? वर्षभर पोरगा कुबडीवर होता. नंतर एका शिक्षिकेने शिबिराची जाहिरात वाचली म्हणून पाय मिळाला. पाय कापल्याच्या कागदावरच पुढे कुठे जायचं हे छापलेलं असावं, आणि वाढत्या वयाच्या मुलाला पाय वाढीप्रमाणे वेळोवेळी बदलावा लागतो, हेही.

आणि परिचारिकांचं एक. सर्पदंशाचं प्रशिक्षण होतं तेव्हा बहुतेक वेळा डॉक्टरांना बोलावतात. रेघ मारणारी, फोड न फोडता जपणारी, पाऊल काटकोनात बांधणारी, काळी पडायला लागलेली कडा सगळ्यात आधी बघणारी बाई रात्रपाळीला एकटी असते. तिला बोलवा. मला कुणी बोलावलं असतं तर त्या बाईचा घोटा आज कदाचित हलला असता. हे मी मनापासून लिहिते आहे. ही चूक माझ्या हातून झाली आणि ती मला अजून टोचते.

त्या बाईच्या नंतर मी एक गोष्ट सुरू केली होती. बाजारातून लांब रेघांची वही आणली आणि ड्रेसिंग रूमच्या कपाटात ठेवली. पानावर उभी रेघ मारून डावीकडे रजिस्टरचं वाक्य उतरायचं आणि उजवीकडे जे दिसलं ते. 'उजवा अंगठा अर्धा गेला.' 'पोटरीला खड्डा, पळता येत नाही.' 'जखम भरली, सांधा ठीक, शाळेत जातो.' चांगलंही लिहिलं, कारण वेळेत आलेले पाय पूर्ण बरे झालेलेही पुष्कळ होते. निवृत्तीच्या दिवशी ती वही मी घरी आणली. त्यात कुणाचं नाव नाही, फक्त गाव, साप, किती तासांनी आले, दोरी होती का, आणि अवयव. नवा फॉर्म करायला बसाल तेव्हा उपयोगी पडली तर घ्या. मंत्रालयात यायला सांगितलंत तर सकाळच्या एसटीने वही घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका